एका कवीचे दोन पणतू

जोलबोल्दू आकिन, म्हणजे गात हिंडणारा कवी, मरून आता कैक वर्षं झाली, पण आमच्या कोश-बुलाक गावात त्याच्याइतका कामात असलेला माणूस दुसरा नाही. सून उशिरा उठली की सासू त्याचं कडवं म्हणते, आणि सासूला उलट उत्तर द्यायचं झालं की सून त्याचंच दुसरं कडवं म्हणते. गृहस्थानं दोन्ही पक्षांची सोय करून ठेवली होती.

त्याची आई उन्हाळी कुरणावरून खाली येत असताना त्याचा जन्म झाला. घोड्यावरून उतरायला तिला जेमतेम वेळ मिळाला. तेव्हापासून तो वाटेवरच राहिला. एक घोडी, एक तीन तारांचा कोमुझ आणि भूक, एवढी त्याची मालमत्ता. ज्याच्या तंबूत उतरेल त्याचं कौतुक असं गायचा, की यजमान उरलेल्या मेंढ्यांकडे न बघता सुरी काढायचा. आणि ज्यानं पातळ रस्सा वाढला, त्याच्यावर अशा चार ओळी सोडून जायचा की त्या घरातल्या मुलींची लग्नं व्हायला वेळ लागे. एका जहागीरदाराच्या पोटावर गाणं केलं म्हणून त्याला तुरुंगात टाकलं, तर पहारेकरीच ते गाणं शिकून बसले. जहागीरदार फेरीला आला की कोठडीच्या दोन्ही बाजूंनी तेच गाणं ऐकू यायचं. शेवटी त्यानंच कंटाळून याला सोडून दिलं. लग्नं त्यानं तीन केली. मुलं किती झाली, याचा हिशेब मात्र ठेवला नाही, आणि म्हणून तो आम्हाला ठेवावा लागला.

तर त्याचे पणतू गावात दोन. म्हणजे दोघं तसं सांगत.

वरच्या आळीला शामेन मास्तर. उंच, बारीक, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते माझे चुलत सासरे. सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं, पण लिहायला हरकत नाही अशी मी माझी सोय करून घेतली आहे. त्यांच्या भिंतीवर जोलबोल्दूचा कोमुझ टांगलेला. खालच्या आळीला मोकुश. रुंद, गोल, घोड्या पाळणारा. त्याच्या घोड्यांच्या दुधाचं कुमिस प्यायला लोक डोंगर ओलांडून येतात. त्याच्या पेटीत जोलबोल्दूची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी. कोमुझाला तार नव्हती आणि टोपीला निम्मे केस नव्हते, पण दोन्हींना कोणी हात लावायचा नाही.

शामेन मास्तर म्हणत, "मोकुशची टोपी त्याच्या आजानं मारलेल्या कुत्र्याची आहे." मोकुश म्हणे, "मास्तर आयुष्यात एक ओळ सुरात म्हणाला असेल तर मी माझी मिशी काढीन." मिशी शाबूत होती.

जेवणावळीत मांडीचं हाड मानाच्या पाहुण्याला द्यायचं असतं. कवीचा वंशज म्हणून ते या दोघांपैकी कोणाला, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडे. मेंढीला मागचे पाय दोन असतात, एवढ्याच कारणानं आमच्या गावात आजवर मारामारी झाली नाही.

आता शामेन मास्तरांची मुलगी केरेज आणि मोकुशचा मुलगा उलार. केरेज शहरात गाणं शिकून आलेली. समोर माणूस दिसला की त्याच्यावर उभ्या उभ्या चार ओळी करणारी. उलारला गाणं येत नाही, पण ऐकता येतं. असा नवरा गाणाऱ्या बाईला किती दुर्मिळ, हे तिनं आधीच ताडलं होतं. आमच्याकडे मुलीचं असलं प्रकरण आधी वहिनीला कळतं, मग देवाला आणि सगळ्यात शेवटी बापाला. त्याप्रमाणे मला कळलं.

मी म्हटलं, "अगं, पण तुम्ही दोघं एकाच कवीची. सात पिढ्यांच्या आत सोयरीक होत नाही, आणि तुमच्या तर जेमतेम चार झाल्या."

ती म्हणाली, "वहिनी, बाबा लहानपणापासून काय सांगतात? मोकुश खोटारडा आहे. मग आमचं नातं कुठलं?"

"आणि उलार काय म्हणतो?"

"त्याचे बाबा सांगतात, शामेन मास्तर खोटारडा आहे. दोघंही आपापल्या बापाचं ऐकतात, वहिनी. अशी आज्ञाधारक मुलं तुला जिल्ह्यात सापडायची नाहीत."

मी चहा प्यायले.

जूनमध्ये मोकुशकडची मंडळी मागणी घालायला आली. म्हणजे मोकुश, त्याची बायको बातिश आणि आळीतले सगळ्यात म्हातारे तुर्दूबाय आजोबा. बातिशच्या मुठीत रुमालात बांधलेली कानातली होती. सासूनं मुलीच्या कानात ती घातली की सोयरीक पक्की. दोन्ही बाप एकमेकांशी इतक्या गोडीनं बोलत होते की मला भीतीच वाटायला लागली. मास्तर म्हणाले, "मोकुश, तुझं कुमिस म्हणजे औषध आहे." मोकुश म्हणाला, "मास्तर, तुमचं ज्ञान म्हणजे समुद्र आहे." आमच्या देशात समुद्र नाही, पण भाव पोचला.

कवीचा विषय कोणी काढायचा नाही, हे बायकांनी दोन्ही घरांत ठरवून ठेवलं होतं. तुर्दूबाय आजोबांना सांगायचं तेवढं राहिलं. त्यांनी तळलेल्या बोरसोकचा शेवटचा घास गिळला, दाढी पुसली आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "चला, आता दोघांनी आपापले सात बाप म्हणा. म्हणजे मी आशीर्वाद द्यायला मोकळा."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. अजूनही वेळ होती. खोकला काढता आला असता, चहा सांडता आला असता. पण मास्तरांनी मान ताठ केली, आणि ती ताठ झाल्यावर त्यांच्या तोंडून दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं. बाप, आजा, आणि मग आवाज चढवून, "जोलबोल्दू आकिन". तिथून पुढचे चार त्यांनी कोणी ऐकत नसताना म्हटले.

बातिशनं नवऱ्याच्या मांडीला चिमटा घेतला. पण ती मांडी मोकुशची. चिमटा आतपर्यंत पोचायला वेळ लागला असेल. "बाप काचिबेक," मोकुश म्हणाला, "आजा ओस्मोन, आणि पणजा जोलबोल्दू आकिन."

तुर्दूबाय आजोबांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "म्हणजे मुलं चुलत-चुलत भावंडं झाली की रे," ते म्हणाले. "मी हे लग्न लावलं तर माझे सात बाप मला वर घेणार नाहीत."

"त्याचा पणजा जोलबोल्दू नाहीच," मास्तर म्हणाले.

"याचा नाही," मोकुश म्हणाला.

"तीस वर्षं तुम्ही दोघं सभेत मांडीचं हाड उचलता," आजोबा म्हणाले. "आज एकानं नाही म्हटलं तर मी मानतो. कोण म्हणतं?"

कोणीच म्हटलं नाही. माझ्या चुलत सासूबाई इतक्या गोंधळल्या की मोकुशचा चहाचा वाडगा त्यांनी काठोकाठ भरला. आमच्याकडे पाहुण्याला चहा थोडा थोडा देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि बसतो. भरलेला वाडगा म्हणजे, आता उठा. मोकुशनं वाडग्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, चहाला हात न लावता टोपी घातली आणि निघाला. बातिशच्या मुठीतली कानातली मुठीतच राहिली.

केरेज मधल्या दारातून हे ऐकत होती. ती रडेल म्हणून मी आत गेले, तर ती उशीत तोंड खुपसून हसत होती. हसता हसता मग रडली. "वहिनी," ती म्हणाली, "ऑगस्ट संपायच्या आत काही झालं नाही तर बातिशकाकू उलारसाठी दुसरीकडे बघणार. तिनं मला फाटकात सांगितलं. तिला मी आवडते, पण नातवंडं जास्त आवडतात."

म्हणजे आता माझं काम सुरू झालं. मी सासऱ्यांकडे गेले. सुनेनं सासऱ्यांशी वाद घालायचा नसतो, म्हणून मी त्यांच्या भिंतीशी बोलले. "एखाद्यानं मोठं मन करून एक पूर्वज सोडला," मी भिंतीला म्हटलं, "तर काय बिघडेल?"

"मोकुशनं सोडावा," मास्तर म्हणाले. "त्याचं शरीर मोठं आहे, मनही असेल."

मग मी खालच्या आळीला. मोकुश घोडीचं दूध काढत होता. "उमसुन, तू शहाणी बाई आहेस," तो म्हणाला. "मास्तराला अजून नऊ गोष्टी येतात. भूगोल येतो, चष्मा आहे, तीन भाषा येतात. माझ्याकडे घोड्या आणि हा एक कवी. तू मलाच सोडायला सांगतेस?"

त्याचंही खोटं नव्हतं.

त्यात जिल्ह्याहून निरोप आला. जोलबोल्दूच्या जन्माला दीडशे वर्षं होत आहेत, ऑगस्टच्या शेवटी गावात मोठा सोहळा, चौकात पुतळा, आणि कवीच्या वंशजाला जरीकाम केलेला चपान अंगावर घालून मेंढीचं डोकं अर्पण करायचं. चपान एकच. डोकंही एकच. वंशजाचं नाव कळवावं. दोन्ही आळ्यांनी नाव कळवलं. जिल्ह्यानं उलट विचारलं, नक्की कोण? दोन्ही आळ्यांनी उलट कळवलं, मीच. शेवटी जिल्ह्याच्या साहेबांनी सांगितलं, तिथे आल्यावर बघू. ज्या साहेबानं आमच्या गावात आल्यावर बघू म्हटलं, त्याला आमचं गाव माहीत नव्हतं.

केरेज मात्र या दिवसांत अगदी गप्प होती. सोहळ्याची सुरुवात तिच्या गाण्यानं व्हायची होती. सरावाच्या नावाखाली ती डोंगरावर जायची, आणि उलारही नेमका तिकडेच घोड्या शोधायला जायचा. त्याच्या घोड्या त्या उन्हाळ्यात फार हरवल्या.

सोहळ्याच्या दिवशी नदीकाठच्या कुरणावर पाच गावं जमली. तंबू लागले, चुली पेटल्या, कढया चढल्या. पुतळा चौकातून उचलून मंचाशेजारी आणून ठेवला होता. फक्त छातीपर्यंतचा, कारण हातापायांपर्यंत मंजुरी आली नव्हती. पहिल्या रांगेत एका टोकाला शामेन मास्तर, दुसऱ्या टोकाला मोकुश, दोघंही नव्या पांढऱ्या कल्पाक टोपीत, दोघंही खांदे थोडे मागे करून, चपान घालायला सोपं जावं अशा बेतानं बसलेले. मध्ये साहेब, मांडीवर चपान घेऊन. दोन्हीकडून त्याला इतका आदर मिळत होता की घाम फुटला होता.

केरेज मंचावर आली, कोमुझ लावला आणि गायली. आधी जोलबोल्दूच्या घोडीचं गायली, तुरुंगाचं गायली. पातळ रस्सा वाढणाऱ्याचंही गायली, त्या घरचे लोक समोरच बसले होते तरी. गाण्याच्या झुंजीत कोणी काही बोललं तरी रागवायचं नसतं, हा आमचा जुना नियम. आणि ज्याचं नाव घेऊन गायलं, त्यानं उभं राहून गाण्यातच उत्तर द्यायचं. न दिलं तर लोक जन्मभर विसरत नाहीत. हे मी सांगते आहे, कारण पुढच्या कडव्याला ती पहिल्या रांगेकडे वळली.

*वाटेवर जन्मला बाबा, वाटेवरच मेला,*
*दोन घरांनी ओढून ओढून सदरा फाटून गेला.*
*ज्याच्या अंगी रक्त त्याचं, त्यानं पुढे यावं,*
*मोकुशकाका, बाबा, मला गाऊन उत्तर द्यावं.*

पाच गावांनी एकदम श्वास घेतला. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हसू पसरायला लागलं, गवतातून वारा जावा तसं. कवीच्या रक्ताचा माणूस आणि त्याला चार ओळी येणार नाहीत, असं कसं होईल?

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसताना ते म्हणाले, "मोकुश माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहे. मान त्याचा आधी."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे कबूल केलं होतं.

मोकुश उठला. मंचाच्या फळ्या कुरकुरल्या. त्यानं कोमुझ घेतला, तो उलटा आहे हे केरेजनं हळूच सांगितलं, मग त्यानं तो परतच दिला. खाकरला. आणि तोंडात जे पहिलं आलं ते गायला.

*घोडी माझी तांबडी, पांढरं तिचं कपाळ...*

इथे थांबला. पाच गावं थांबली. मोकुशनं आभाळाकडे बघितलं.

"आभाळ," मागून कोणी सुचवलं.

"सकाळ," दुसऱ्यानं सांगितलं.

"बाबा, संध्याकाळ होईल," उलार घोड्यांच्या दावणीजवळून म्हणाला.

मोकुशच्या कपाळावरून घाम ओघळून मिशीत जात होता. खोटं बोलायला यमक लागतं, आणि यमक त्याच्याजवळ नव्हतं. त्यानं बायकोकडे बघितलं. बातिशनं काही खूण केली नाही, फक्त रुमालाची गाठ सोडली आणि मूठ उघडी धरली. कानातली उन्हात चमकली. मोकुशनं ती बघितली. मग डोळे मिटले.

*घोडी माझी तांबडी, पांढरं तिचं कपाळ,*
*आजा माझा सातेनचा, नव्हे कवीचं बाळ.*

आधी कोणाला कळलंच नाही. यमक जुळलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अर्थ पोचला, आणि टाळ्या मध्येच अडकल्या.

"खरं आहे ते," मोकुश डोळे उघडून साध्या आवाजात म्हणाला. "सातेन माझा पणजा. मेंढपाळ होता. एका हिवाळ्यात आकिन पाय गारठून आमच्या दारात आला, वसंतापर्यंत राहिला. त्यात माझ्या आजाचं बारसं झालं. आकिननं पाळण्याशी गाताना 'माझ्या लेकरा' म्हटलं. पाहुण्यानं चार महिने रस्सा प्यायला तर एवढं म्हणणारच. आमच्या घरी ती ओळ सांगता सांगता तिचं रक्त झालं. टोपी मात्र खरी आहे. तो विसरून गेला होता."

मग तुर्दूबाय आजोबा हसायला लागले. दात नसलेल्या माणसाचं हसू फार लांब जातं. मग पाच गावं हसली, आणि त्या हसण्यात टोमणा नव्हता. मंचावरून उतरणाऱ्या मोकुशला निम्मे लोक मिठ्या मारत होते, आणि मोकुश विचारत होता, "पण यमक बसलं ना? बसलं ना?"

बातिशनं मात्र कोणाची वाट बघितली नाही. पूर्वज सुटला म्हणजे नातं सुटलं, हे गणित तिनं उभ्या उभ्या मांडलं होतं. ती घागरा सावरत मंचावर चढली, केरेजची वेणी बाजूला केली आणि कानातली घातली. एका कानात घालून दुसऱ्या कानाकडे वळतानाच म्हणाली, "आता कोणाला काही आठवलं तर ते मनात ठेवायचं."

सगळं आटोपलं होतं. लग्न ठरलं होतं, आणि शामेन मास्तर एकटेच पणतू उरले होते. साहेबानं सुटकेचा निःश्वास टाकून चपान उघडला. मास्तरांनी फक्त उठायचं होतं आणि बाह्यांत हात घालायचे होते.

ते उठले, पण चपानाकडे गेले नाहीत. मी त्यांच्याकडेच बघत होते. तीस वर्षांचा दावा जिंकलेला माणूस असा दिसत नाही. मोकुशनं पाच गावांसमोर त्यांना एक अख्खा कवी बहाल केला होता. आमच्याकडे कोणी घोडा दिला तर त्याला घोडा द्यावा लागतो, चपान दिला तर चपान. पूर्वज दिला तर काय द्यायचं? मास्तरांच्या घरी दोन शेळ्या, एक नकाशा आणि बिनतारेचा कोमुझ. घेणं मान्य करून देणं चुकवलं तर उद्यापासून व्याह्यासमोर मान वर करायची सोय नव्हती. ते सरळ मंचावर चढले. शिक्षकी पेशामुळे त्यांचं यमक पहिल्याच झटक्यात बसलं, सूर तेवढा नव्हता.

*मोकुश देतो कवी मला, मी काय देऊ त्याला?*
*कोमुझ माझ्या भिंतीवरचा बाजारातून आला.*

"आमच्या वडिलांनी एका फेरीवाल्याकडून घेतला," ते म्हणाले. "जोलबोल्दूचा आहे असं तो म्हणाला होता, आणि त्या कोमुझावरूनच आम्ही त्याचे वंशज झालो. वडिलांनी विश्वास ठेवला. मी चष्मा लावूनही ठेवला."

हे खरं होतं की मोकुशपेक्षा कमी पडू नये म्हणून तिथल्या तिथे रचलेलं, याचा छडा मी आजवर लावलेला नाही. सासूबाईंना विचारलं तर त्या माझा वाडगा काठोकाठ भरतात.

मोकुश मंचाखालून ओरडला, "मास्तर, हे बरं नाही. मी दिलेली वस्तू परत करतोस?"

"परत नाही करत. मीही देतो आहे."

"कोणाला?"

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

आता साहेब चपान हातात धरून मध्यभागी उभा. वंशज कोणीच नाही. मेंढीचं डोकं ताटात निवत होतं. "गावात दुसरा कोणी नातेवाईक?" त्यानं विचारलं. तासाभरापूर्वी हे विचारलं असतं तर निम्मं गाव उठलं असतं. पण आता सगळ्यांनी बघितलं होतं की कवीचा वंशज होण्यात सोयरिकी मोडतात. दोन तरुण उठायच्या बेतात होते. त्यांना त्यांच्या आयांनी शर्टाला धरून खाली बसवलं. शेजारच्या गावातला एक म्हातारा इतकी वर्षं आपण आकिनच्या दुसऱ्या बायकोकडचे म्हणून सांगायचा. तो म्हणाला, ती बायको म्हणजे आमची शेजारीण होती, तेवढंच.

"मुलीलाच घाला," साहेब म्हणाला. "गाते तर तीच."

बातिशनं मंचावरून उडी मारली नाही एवढंच. "खबरदार," ती म्हणाली. "तिला तो घातला की आमच्या ह्यांना पुन्हा पणतू व्हायची हुक्की येईल, आणि माझा मुलगा पुन्हा बिनलग्नाचा. साहेब, तो झगा खाली ठेवा. त्याला हात लावायला आमच्याकडे कोणी मोकळं नाही."

साहेबानं झगा खाली ठेवला नाही. सरकारी वस्तू जमिनीवर ठेवता येत नाही. त्यानं तो सगळ्यात जवळच्या खांद्यांवर टाकला, आणि ते खांदे पुतळ्याचे होते. पुतळ्याला हात नव्हते. वारा सुटला, रिकाम्या बाह्या फुगून वर गेल्या, आणि दीडशे वर्षांचा जोलबोल्दू एकदम हात पसरून नाचायला लागल्यासारखा दिसला. केरेजनं ते बघितलं मात्र, कोमुझावर जलद ताल धरला. मग कोण कोणाच्या हाताला धरून नाचत होतं ते मला सांगता येणार नाही. तुर्दूबाय आजोबांना नेहमीप्रमाणे वयाचा मान म्हणून मेंढीचं डोकं मिळालं. त्यांनी एक कान मास्तरांना दिला, एक मोकुशला. दोघंही तक्रार न करता खात बसले.

ऊन उतरल्यावर मी मोकुशच्या तंबूत कुमिस वाढत होते. नवे व्याही शेजारी शेजारी बसले होते. मोकुश चौथ्या वाडग्यावर होता आणि आपली दोन ओळींची कविता येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणून दाखवत होता. मास्तर मात्र विचारात.

"काय झालं?" मोकुशनं विचारलं.

"लग्नात पुन्हा सात बाप म्हणावे लागतील," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे बाप आहे, आजा आहे. पुढे भोक. भूगोलात असं भोक असलं तर मी त्यावर तळं काढलं असतं."

मोकुशला त्यांची दया आली. त्या दिवशी त्याला सगळ्यांचीच दया येत होती. त्यानं वाडगा खाली ठेवला, हात छातीवर ठेवला. "मास्तर, तू माझा व्याही. तुला उघडं पडू देणार नाही. माझा सातेन घे. चांगला माणूस होता, पाहुण्याला कधी पातळ रस्सा वाढला नाही. घेऊन टाक."

मास्तर गहिवरले. त्यांनी मोकुशचा हात हातात घेतला, मान हलवली आणि तोंड उघडलं.

"घेऊ नका," तंबूच्या दारातून बातिश, केरेज, उलार आणि आतून मी, आम्ही चौघं एकदम म्हणालो.

दोन्ही व्याही आमच्याकडे बघत राहिले. मास्तरांनी बोटांवर मोजलं, एक, दोन, तीन. मोकुशनं त्यांच्या बोटांकडे बघितलं आणि स्वतःची मोजली. मग त्यांचे हात घाईघाईनं एकमेकांतून सुटले, जसे काही निखाऱ्याला लागले होते, आणि दोघं मागे रेलून असे हसायला लागले की तंबूच्या दांड्याला टांगलेली कुमिसची पिशवी हलायला लागली. केरेज आत आली, दोघांच्या मधोमध बसली आणि म्हणाली, "बाबा, तिसऱ्या बापाच्या जागी कोणी नकोच. तिथे मी श्वास घेईन आणि पुढचं गाईन."

"आणि कोणी विचारलं तर?" मास्तरांनी डोळे पुसत विचारलं.

"विचारणाऱ्याचं नाव घेऊन गाईन. मग त्यालाही गाऊनच उत्तर द्यावं लागेल ना."

मोकुशनं तेवढ्यात आपला वाडगा पुढे केला. मी तो अर्धाच भरला, म्हणजे तो अजून बसेल.